ठिणगी किती अंश आधी?

आजचा लेख गणिताचा की विज्ञानाचा, हे मला नीट सांगता येणार नाही. विषय आहे एका जुन्या बुलेटची ठिणगी. गेले सात-आठ महिने रविवार आणि सुट्ट्या त्यातच गेल्या. त्यातलं बरंचसं पाचवीच्या वर्गात उतरलं, म्हणून इथे लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. इंजिन शिकवताना आपण सांगतो की पेट्रोल आणि हवा आत येते, पिस्टन वर येऊन ती दाबतो, ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. चित्रात पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणि तिथेच ठिणगी. प्रत्यक्षात ठिणगी त्याच्या आधी पडावी लागते. मिश्रण एका क्षणात पेटत नाही, ज्योत प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरायला वेळ घेते. शाळा आठला भरते म्हणून मूल आठला घरातून निघत नाही ना, तसंच. पिस्टन वरचं टोक ओलांडून गेल्यावर साधारण १२ ते १५ अंशांवर दाब सर्वांत जास्त असेल तर ढकल चांगली बसते. अंश म्हणजे क्रँकच्या फिरण्याचे. एक फेरी ३६० अंशांची.

आता गंमत अशी की हा ‘आधी’ कायम सारखा नसतो. मिनिटाला १००० फेऱ्या असतील तर एका फेरीला ६० मिलिसेकंद मिळतात, ३००० असतील तर फक्त २०. ज्योतीला लागणारा वेळ काही त्या प्रमाणात कमी होत नाही. (थोडा होतो, वेग वाढला की आतली हवा जास्त घुसळते आणि ज्योत लवकर पसरते. पण तेवढ्याने भागत नाही.) म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी टाकावी लागते. सावकाश फिरताना आठ-दहा अंश पुरतात, जोरात पंचवीस-तीस लागतात. भाराचाही संबंध आहे. चढावर एक्सलरेटर पूर्ण पिळलेला असताना आत मिश्रण भरपूर असतं, ते लवकर जळतं, तेव्हा ठिणगी थोडी उशिरा हवी. नाहीतर इंजिन टिंगटिंग वाजतं, त्याला मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. ते फार काळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

जुन्या बुलेटमध्ये हे सगळं एक लोखंडी जुगाड सांभाळायचा. पॉइंटच्या खाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंग. वेग वाढला की वजनं बाहेर फाकतात आणि ठिणगीची वेळ पुढे सरकते. कल्पना सुंदर आहे, पण स्प्रिंगला एकच वळण येतं. शिवाय तिला चढ कळत नाही.

मोटरसायकलच्या ठिणगीचं डोकं इलेक्ट्रॉनिक होण्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. चाकणच्या कारखान्यातून पल्सर निघाली आणि २००३ मध्ये तिला डीटीएस-आय इंजिन आलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन प्लग. दोन बाजूंनी ज्योत निघाली की तिला निम्मंच अंतर कापावं लागतं. आणि ठिणगी कधी टाकायची ते ठरवायला एक छोटी चिप, तिच्यात वेगानुसार अंशांचा तक्ता. दोन प्लगच्या त्या कल्पनेवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात पेटंटचा खटला झाला, तो मद्रास उच्च न्यायालयातून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपण रोज लिंक रोडवर ज्या पल्सरला शिव्या देतो, तिच्या पोटात एवढं रामायण आहे.

पण पल्सरच्या चिपमधला तक्ता कंपनीने भरलेला आणि बंद केलेला असतो. मला हवा होता स्वतः भरता येणारा. त्याचं कारण बाबा.

बाबांची बुलेट १९८६ची, साडेतीनशे सीसी. आम्ही चारकोपला राहायला आलो तेव्हा इथे वर्ल्ड बँकेच्या योजनेतली बैठी घरं होती, मधे चौक, आणि त्या चौकातली ही एकमेव बुलेट. २०१६ साली एका सकाळी तिने बाबांना उलटी किक मारली. ज्यांनी बुलेट चालवली आहे त्यांना सांगायला नको. किकचा दांडा जितक्या जोराने खाली दाबावा त्याच्या दुप्पट जोराने तो वर येतो. घोट्याला प्लास्टर, सहा आठवडे. आमच्याकडे खाडीची हवा, सगळं गंजतं. ती दोन वजनं गंजून फाकलेल्या अवस्थेतच अडकली होती. म्हणजे किक मारताना इंजिन जेमतेम दोन-तीनशे फेऱ्यांच्या वेगात आणि ठिणगी मात्र पंचवीस अंश आधी. पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका, आणि पिस्टन आल्या वाटेने परत. पाय मध्ये.

वजनं साफ करून गाडी चालू झाली, पण बाबांनी पुन्हा किकवर पाय ठेवला नाही. ‘तू मार,’ म्हणायचे आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहायचे. हे ‘तू मार’ मला आठ वर्षं खुपत होतं.

माझी एक माजी विद्यार्थिनी आता इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. चौथीत असताना ती वहीच्या मागच्या पानावर पंख्याच्या रेग्युलेटरची चित्रं काढायची. तिने स्पीडुइनो नावाच्या प्रकाराबद्दल सांगितलं. आर्डुइनो मेगा या शिकाऊ मुलांच्या सर्किट बोर्डावर चालणारा हा इंजिनचा मेंदू आहे. त्याची रचना खुली आहे, कुणीही बघावी आणि बनवावी. त्यात ठिणगीचा तक्ता सोळा ओळी आणि सोळा रकान्यांचा, २५६ चौकोन. आडवा वेग, उभा भार, चौकोनात अंश. आणि एक वेगळा आकडा: किक मारताना किती अंश. ते ऐकल्यावर मी दुसरा विचार केला नाही.

ज्या गॅरेजमध्ये आम्ही हे केलं तिथले काका गेली तीस वर्षं बुलेटचं टायमिंग कानाने आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाने लावतात. कागद पॉइंटमध्ये धरायचा, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे ठेवायचा, आणि कागद ज्या क्षणी सुटेल तिथे प्लेट आवळायची. मी घरी येऊन हिशोब केला. बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर; त्यात ०.८ मिलिमीटर म्हणजे साधारण साडेनऊ अंश. काकांना अंश माहीत नव्हते, पण तीस वर्षं ते साडेनऊ अंशच लावत आले होते! ते म्हणाले, ‘सर, डबा बसवा, काय हरकत नाय. पण पॉइंटची प्लेट फेकू नका.’ ती प्लेट डब्यात तेल लावून ठेवली आहे.

पॉइंटच्या जागी क्रँकला एक दातेरी चाकती लागते. ती चारकोपच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. चोवीस दातांची, पैकी एक दात काढलेला. शेजारी सेन्सर. एक दात गेला की पंधरा अंश गेले, आणि जिथे दात नाही तिथून मोजणी पुन्हा सुरू. चाकती वर्गात नेली तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘सर, तुटलाय का दात?’ मी उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी मागच्या बाकावरून आवाज आला, ‘नाही, तो एक नंबर आहे!’ ३६० भागिले २४ त्या दिवशी कुणाला फळ्यावर करून दाखवावं लागलं नाही.

सगळ्यांत जास्त वेळ वरचं टोक शोधण्यात गेला. बुलेटवर कंपनीची खूण नसते. आम्ही कोनमापकाची मोठी झेरॉक्स काढून दोन अर्धवर्तुळं जोडली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि क्रँकच्या टोकाला बसवली. पिस्टन वरच्या टोकाजवळ थांब्यासारखा हलत नाही, कित्येक अंश फिरवलं तरी जागचा ढळत नाही, त्यामुळे नजरेने टोक सापडत नाही. मग प्लगच्या भोकातून एक बोल्ट आडवा घातला, क्रँक एका बाजूने फिरवत पिस्टन बोल्टला टेकवला, आकडा लिहिला. उलट्या बाजूने टेकवला, आकडा लिहिला. दोन्हींच्या बरोबर मधोमध टोक. सरासरी शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

त्यानंतर टायमिंग लाइट. ठिणगी पडली की हा दिवा लखकन पेटतो आणि फिरती चाकती त्या क्षणी गोठल्यासारखी दिसते. लॅपटॉपवर सगळ्या चौकोनांत १० लिहून इंजिन सुरू केलं. चाकतीवर दिसले १७. लॅपटॉप ठामपणे दहाच म्हणत होता. सेन्सर कुठे बसवलाय हे त्याला आपण सांगायचं असतं; सात अंशांचा फरक भरला तेव्हा दोन्ही आकडे जुळले. तक्त्यातला आकडा चाकतीवर तपासल्याशिवाय त्याला किंमत नाही. हे मी वर्गात फार ताणलं नाही, पण प्रगतिपुस्तकं भरताना मला तो दिवा आठवला हे खरं.

मग तक्ता भरणं. किकला ४, हजारला ८, दोन हजारला १८, साडेतीन हजारच्या पुढे २८. भार मोजणारा सेन्सर अजून बसवलेला नाही, त्यामुळे सध्या सोळाही ओळी सारख्याच आहेत. म्हणजे २५६ चौकोनांची चैन असून आम्ही सोळाच वापरतोय. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला काका मागे बसले. टॉप गिअरमध्ये, वेग कमी, एक्सलरेटर पूर्ण. मला काहीच ऐकू आलं नाही. काकांनी खांद्यावर थाप मारली, ‘वाजतंय. थांबवा.’ दोन ते अडीच हजारांतले आकडे तीन अंशांनी उतरवले आणि तोच चढ पुन्हा चढलो. तेव्हा काका काही बोलले नाहीत, म्हणजे झालं. लॅपटॉपला टिंगटिंग ऐकू येत नाही. त्यासाठी इंजिनवर बसवायचा वेगळा सेन्सर असतो, पण एवढ्या खडखडणाऱ्या इंजिनावर माझा भरवसा काकांवरच जास्त आहे.

बाबांनी किक मारायला तीन आठवडे घेतले, कारण सुरुवातीला गाडी किकला दादच देत नव्हती. पिस्टन दाबाला भिडला की क्रँक मंदावते, दोन दातांमधलं अंतर लांबल्यासारखं वाटतं, आणि डब्याला वाटतं हाच गाळलेला दात. गोंधळला की तो ठिणगी टाकत नाही. ते बरंच, निदान पायावर तरी येत नाही. सेटिंग बदलून आणि डीकॉम्प्रेसर लिव्हर दाबून पिस्टन टोकाच्या जरा पुढे नेऊन किक मारायची जुनी सवय पाळल्यावर ते जमलं. बाबांनी बूट घातले, लिव्हर दाबला, आणि मला म्हणाले, ‘तू जरा लांब उभा राहा.’ दुसऱ्या किकला चालू.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण आठवी-नववीतल्या मुलांचे मोठे भाऊ हे उद्योग करतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांत इंजेक्शन आणि ईसीयू कंपनीनेच बसवलेलं असतं. तो तक्ता धुराचे नियम सांभाळून, चाचण्या घेऊन भरलेला असतो. तो बदलून देणारे बरेच भेटतात. सायलेन्सरमधून रात्री जे फटाके वाजतात, त्यातले काही ठिणगी मुद्दाम उशिरा टाकून किंवा गाळून, पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाळून काढलेले असतात. त्यात इंजिनचं भलं काहीच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, पीयूसी आहे; आमच्या जुन्या गाडीचीही पीयूसी मी बदल केल्यावर पुन्हा काढली. मुलाला हात काळे करायचे असतील तर चाकती, कोनमापक आणि बंद गाडी पुरते. रस्त्यावरच्या नव्या गाडीचा तक्ता त्याच्या हाती देऊ नका.

बाबांची एक तक्रार मात्र बाकी आहे. जुन्या बुलेटला हेडलाइटच्या खोबणीत अँपिअर मीटर असतो. पॉइंट जुळलेले असले की काटा किंचित डावीकडे, सुटले की मधे. तो काटा मधे आला की पिस्टन बरोबर जागी आला, आता मारा किक, असं ते चाळीस वर्षं बघत आले. पॉइंट गेल्यावर काटा काही सांगत नाही. ‘काटा मेला रे,’ असं ते दर वेळी म्हणतात आणि पायाला लागणाऱ्या दाबावरून अंदाज घेतात. विद्यार्थिनीचं म्हणणं, चाकतीवर एक छोटा लोहचुंबक आणि त्यासमोर दुसरा सेन्सर बसवून एक दिवा लावता येईल. बाबांना दिवा नकोय, काटाच हवाय. दिवाळीच्या सुट्टीत ती त्यावर बसणार आहे.