वाटून उरलेलं

आमच्या घरातलं कुणी लांबच्या गावाला निघालं की ट्रंकेच्या आधी यादी भरायची. अण्णा, म्हणजे आमचे थोरले काका, वहीचं मधलं जोडपान काढून ओट्यावर बसायचे आणि गल्ली जमायची. कुणाला काळभैरवाचा काळा गंडा हवा, कुणाला मथुरेचे पेढे, कुणाला फिरोजाबादी बांगड्या, त्याही मनगटाचं माप सुतळीने घेऊन दिलेलं. समोरच्या म्हातारीची अट ठरलेली: गंगा आणायची तर बंद गडूतली, घरच्या तांब्यातली चालणार नाही. यादीतल्या वस्तूचे पैसे कुणी आधी देई, कुणी नंतर, कुणी कधीच नाही. सव्वा रुपया मात्र प्रत्येक जण हातावर ठेवी, गंगेत सोडायला.

साठ-सत्तरच्या दशकात रावेरला वाढलेली आम्ही चुलत-आत्ते भावंडं आता पिकल्या केसांची झालो. एकत्र बसलो की त्या प्रवासांच्या गोष्टी निघतात. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक प्रवासांना आमच्यापैकी कुणी गेलेलंच नव्हतं. आम्ही फक्त वाट पाहिली होती.

शेतकऱ्याच्या घराला एवढं फिरणं परवडलं ते केळी आणि रेल्वे या दोघींमुळे. रावेर भुसावळ-खंडवा मार्गावरचं स्टेशन. सावदा, निंभोरा, रावेर इथून केळीच्या वॅगनी भरून उत्तरेला जायच्या, थेट दिल्लीपर्यंत. माल गेला की मागून हिशेबाला माणूस जाई, आणि हिशेबाला गेलेला माणूस चांदणी चौक बघितल्याशिवाय परतत नसे. थंडीच्या तोंडावर घरात येणारे लोकरी स्वेटर आणि शाली या हिशेबातूनच आलेल्या. दुसरी वाट नानाकाकांची. ते भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे त्यांना पास मिळायचा. तिसरी, सगळ्यांत जुनी वाट तीर्थाची. तिला पास लागत नसे, घरातल्या सगळ्या मुलींची लग्नं झालेली असली की पुरे.

एक्स्प्रेसला रावेरचा थांबा नसला तर पॅसेंजरने उलटं भुसावळला जायचं, तिथे गाडी धरायची आणि तीच गाडी तासाभरात रावेरवरून धडधडत पुढे जायची. जिजी, म्हणजे आमची आजी, काशीला निघाली तेव्हा आम्ही पोरं फलाटावर उभे राहिलो होतो. गाडी आली नि गेली. कुणाला जिजीचा हात दिसला, कुणाला आबांचं, म्हणजे आजोबांचं, पागोटं. कुणाला काहीच दिसलं नाही, पण तोही दिसलं म्हणाला.

सोबत वळकटी, फिरकीचा तांब्या आणि शिदोरी. दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट पुऱ्या, वरून घरच्या केळ्यांची फणी. खंडवा, इटारसी, जबलपूर करत प्रयाग. तिथे पंड्याने जाडजूड वही उलगडून आमच्या खापरपणज्याचं नाव वाचून दाखवलं, तेव्हा आबा हरखून गेले. आपला आजा बैलगाडीच्या आणि पायवाटेच्या दिवसांत इथवर आला होता, हे त्यांना तिथे कळलं. संगमावर वेणीदान झालं. आबांनी कात्री धरून जिजीच्या वेणीचं टोक कापलं, आणि ही गोष्ट जिजी पुढे सांगताना प्रत्येक वेळी पदर डोक्यावर सारखा करायची.

काशीत काहीतरी खायचं सोडून यायचं असतं. रावेरच्या माणसाने तिथे केळं सोडल्याचं ऐकिवात नाही. जिजीने फणस सोडला. आमच्याकडे फणस दिसायचा वर्षातून एखाद्या वेळी, तोही बाजारात, लांबून. आबांनी विचारलं असावं, पण तिच्या हिशेबात देवाला संख्या कळते, चव कळत नाही. विश्वनाथाच्या देवळात गेल्यावर मात्र तिला परकं वाटलं नाही. आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं, हे पंड्याने सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, म्हणजे आपल्याच बाईने. घरी आल्यावर विश्वनाथापेक्षा अहिल्याबाईंचं कौतुक जास्त झालं.

खरेदी शेवटच्या दिवशी. गंगेचे तांब्याचे गडू, तोंडाला डाख देऊन बंद केलेले. गंड्यांची जुडी. पितळी देव. नातींसाठी लाखेच्या रंगातली बनारसी लाकडी भातुकली, जिचा तांबडा रंग ओल्या हाताला लागायचा. लेकीसाठी एक शालू. जिजीने स्वतःसाठी काय घेतलं, हे आम्ही नंतर पुष्कळदा विचारलं. "मी गेलती न!" एवढंच उत्तर यायचं.

परत आल्यावर मावंदं. ब्राह्मण, जावई, गाव, गल्ली. गंगेच्या गडूची पूजा, मग पंगती, पंगतीत मांडे. आणि मग वाटप. जिजी जमिनीवर चादर पसरून बसायची, अण्णा यादी वाचायचे. नाव उच्चारलं की वस्तू पुढे. ज्यांनी काही सांगितलं नव्हतं त्यांच्यासाठी गंडा आणि प्रसादाची पुडी होतीच. संध्याकाळपर्यंत ट्रंकेचा तळ दिसायचा, आणि तो दिसला म्हणजे यात्रा संपली.

या वाटपात राजकारणही होतं. तिन्ही सुनांची पातळं एकाच पोताची, एकाच किमतीची. रंग वेगळे आणले तर निवडायचा मान कुणाचा, हा वाद दिवाळीपर्यंत पुरायचा. म्हणून जिजीने रंगही एकच आणायला सुरुवात केली. तिघी जावा सणाला एकसारख्या दिसायच्या आणि पाहुणे गोंधळायचे. आत्याचं मात्र वेगळं आणि आधी. ती सासरहून येईपर्यंत तिच्या वाट्याला कुणी हात लावत नसे. धाकट्या काकूने एकदा म्हणून पाहिलं की प्रवास घरच्या पैशाने नि पहिला मान बाहेर गेलेल्या लेकीला, हे कसं? जिजी म्हणाली, घरातल्याला घर आहे, तिला पिशवी. काकू पुढे स्वतः यात्रेला गेली तेव्हा तिनेही पहिली वस्तू नणंदेची घेतली.

काशीच्या मानाने नर्मदा जवळची. खंडव्याला उतरून छोट्या रुळांची गाडी धरायची, ओंकारेश्वर रोडला उतरायचं, पुढे बस. ममलेश्वर या काठाला, ओंकार नदीतल्या मांधाता बेटावर, मध्ये नाव. नर्मदेचे गुळगुळीत गोटे तिथे विकायला मांडलेले असत, पण आबा विकत घेत नसत. पाण्यात उतरून हाताला येईल तो उचलायचा, कारण नर्मदेतला प्रत्येक दगड शंकर. तिथूनच कुणी महेश्वरला गेलं तर महेश्वरी लुगडं. अहिल्याबाईंनी तिथे राजधानी नेली आणि विणकर वसवले, ती कला त्या काठावर टिकली आहे. जिजीचं महेश्वरी काठ विरेपर्यंत नेसून झालं. मग त्याची गोधडी झाली. ती गोधडी आत्याच्या नातवाच्या पाळण्यात गेली.

सगळ्यांत जवळचं परगाव बुऱ्हाणपूर. पॅसेंजरने अर्ध्या तासाच्या आसपास, पण राज्य दुसरं. एके काळी मात्र खानदेशाची राजधानी हीच. फारुकी सुलतान इथून राज्य करत. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए इथून गेला. सोन्यारुप्याच्या तारा विणलेलं इथलं तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आम्ही त्याच बाजारात परकर-पोलक्यांचं कापड आणि गाद्यांची खोळ घ्यायला जायचो, आणि पोलंडचा पत्ता आम्हाला नव्हता. आमचं लक्ष माव्याच्या जिलबीवर. काळपट, जाड, पाकाने जड झालेली ती जिलबी द्रोणात घेऊन तिथेच खायची, आणि दराबा घरी न्यायचा. शाळेची सहल गेली की गुरुजी जामा मशिदीत अरबी लेखाशेजारचा संस्कृत शिलालेख दाखवत. कुंडी भंडाऱ्याच्या काठावरून खाली वाकून पाहायला लावत: मुघल सुभेदार खानखानांच्या काळात सातपुड्यातलं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणणारी ती योजना. केळीला पाणी पाजणाऱ्या घरातल्या पोरांना ताजमहालापेक्षा ती लवकर समजली.

ताजमहालही आमच्या गोष्टीत बुऱ्हाणपूरवाटेच आला. मुमताज १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. नानाकाका रेल्वेच्या पासावर आग्रा करून आले तेव्हा त्यांनी पेठ्याचे डबे आणलेच, शिवाय काचेच्या पेटीतला, आत बल्ब लागणारा ताजमहाल आणला. विक्रेत्याने संगमरवर म्हणून दिलेला तो मऊ गोरारा दगड होता, नखाने ओरखडा उठायचा. वाटपाच्या चादरीवर पेठा संपला आणि ताज उरला. तो कुणाच्या नावाचा नव्हता. जिजीने त्याला फिरवून पाहिलं. "हे काब्रं आनलं रे भो?" नाना म्हणाले, शोभेला. जिजी म्हणाली, बाई आपल्याकडची मेली, दगड तिकडे, आणि शोभा आपल्या घरात!

आमच्या घरात आलेली ही पहिली निरुपयोगी वस्तू. तिला जागाच नव्हती. देवघरात ती बसेना, ट्रंकेत ठेवायची तर फुटणार. काही दिवस ती धान्याच्या कोठीवर राहिली. मग टीव्ही आला, टीव्हीसाठी भिंतभर लाकडी शोकेस आलं आणि ताजमहालाला घर मिळालं. एकदा कप्पे झाल्यावर ते भरणं आलंच. कन्याकुमारीहून रंगीत वाळूच्या पुड्यांचं पाकीट आलं. विवेकानंद शिलास्मारक १९७० मध्ये उभं राहिल्यापासून शिक्षक मंडळींच्या सवलतीच्या प्रवासात ते टोक पक्कं झालं होतं. रामेश्वरहून शंख आला, त्यावर कोरलेलं आमचं आडनाव एका मात्रेने चुकलेलं. अजिंठ्याहून गारगोट्या. हा अजिंठ्याचा माल आम्ही पोरांनी स्वतः आणलेला. एसटीच्या लाल गाडीतून सहल जायची: अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आमच्या लेखी ते फर्दापूरच्या पुढचं, दगडवाल्यांचं गाव. गारगोट्या वरून ओबडधोबड, फोडलेल्या बाजूने आत पांढरे-जांभळे स्फटिक. लाव्हा थंड होताना खडकात राहिलेल्या पोकळ्यांत ते वाढतात, हे भूगोलाच्या पुस्तकात होतं, पण दगडवाला ‘लेण्याचा हिरा’ म्हणायचा आणि आम्हाला तोच भूगोल पटायचा. घरच्यांसाठी म्हणून दिलेल्या पैशांत आम्ही स्वतःसाठी दगड आणले. घराण्यात हे प्रथमच घडत होतं आणि कुणी रागावलं नाही.

हळूहळू याद्या आखूड होत गेल्या. मथुरेचे पेढे जळगावात मिळू लागले, बनारसी साडी भुसावळला, आणि काळा गंडा तर रावेरच्याच बाजारात. मागायचं काय? मग लोक ‘काही नको, तुम्ही सुखरूप या’ म्हणू लागले. पुढच्या पिढीची पोरं दुबई, बँकॉक करून आली. त्यांनी फ्रीजच्या दाराला चिकटणारे चुंबकाचे तुकडे आणले. इतके हलके की ट्रंक लागत नाही, आणि इतके छोटे की वाटून घ्यावेत असं कुणाला वाटत नाही.

जुनं घर पाडायला काढलं तेव्हा शोकेस रिकामं करायला आम्ही सगळे जमलो होतो. ताजमहालाचा एक मिनार आणि बल्ब गेलेला. वाळूचे रंग एकमेकांत मिसळून राखी झालेले. गारगोट्या धूळ पुसल्यावर अजून चमकणाऱ्या. कुणी काहीच मागितलं नाही. शेवटी दगड एका शिक्षिका भाचीने शाळेच्या भूगोलाच्या कपाटासाठी नेले, बाकीचं हमालाने.

त्या दिवशी आम्ही बाकीच्या वस्तूंचा माग काढत बसलो. काशीचे गडू एकेक करून गल्लीतल्या अखेरच्या आजारांत उघडले गेले होते. शेवटचा खुद्द जिजीसाठी. शालू आत्याच्या लेकीच्या लग्नात नेसला गेला, मग तिच्या लेकीच्या. भातुकली खेळून मोडली. स्वेटर उसवून त्याच लोकरीचे टोपरे झाले. बांगड्या वाढवल्या गेल्या. नर्मदेचा गोटा तेवढा देवघरात आहे, रोज आंघोळ घालतात, म्हणजे तोही कामावरच आहे.

आणलेली वस्तू जशीच्या तशी टिकली म्हणजे ती कुणाच्या गरजेची नव्हती, असा आमच्या घरचा हिशेब निघतो. त्या हिशेबाने जिजी-आबांची काशी पुरती वसूल झाली, कारण तिच्यातलं काही म्हणजे काही शिल्लक नाही. आमच्या पोराबाळांची बँकॉकची सहल अजून फ्रीजला चिकटून आहे.