भरून ठेवलेली

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली तेव्हा आधी वास आला. गोडसर, डोक्यात जाणारा, नेलपेंट पुसायच्या बाटलीचं झाकण उघडं राहिल्यावर येतो तसा. मे महिना, मिरज आणि पत्र्याखालचा माळा. खालून मामी म्हणाली, "काय मेलंय का गं आत?" मामाच्या विमानांच्या सामानात एक लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, टम्म फुगून बसली होती. तिची कडेची शिवण एका कोपऱ्यात सुटली होती आणि वास तिथूनच येत होता.

मामीला आधी गॅस बंद करायला सांगितलं. मग बांधकामातून उरलेली कोरडी वाळू घमेल्यात घेतली, हातमोजे चढवले, बॅटरी त्या वाळूवर ठेवली आणि घमेलं अंगणाच्या मध्यावर नेलं. तोवर घाई होती, त्यामुळे रडू आलं नाही.

लहानपणी मामाला वेगळाच वास असायचा. एरंडेल, रॉकेल आणि ईथर यांच्या मिश्रणावर चालणारं छोटं डिझेल इंजिन तो बाल्साच्या विमानाला बसवायचा. दोन बारीक तारांच्या टोकाला ते विमान त्याच्याभोवती गरगर फिरायचं आणि उतरेपर्यंत मामाचा शर्ट तेलकट झालेला असायचा. तो आयटीआयमध्ये लेथ शिकवायचा. रविवारी माळावर विमान, सोमवारी लेथ. मामी त्याचे ते शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. पुढे रिमोट आला आणि त्यासोबत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या आल्या. त्या अधूनमधून पार रिकाम्या कराव्या लागत, नाहीतर सुस्तावत. मामाने ती शिस्त अंगी बाणवली होती. लिथियम आल्यावर त्याने ती एका दिवसात सोडून दिली, याचं मला आजही फार नवल वाटतं. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यभराची सवय, आणि वहीत त्याच्या ठसठशीत अक्षरात नवा नियम: रिकामी करायची नाही. कारण लिथियमचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून बिघडायला लागतो आणि फारच खाली गेला तर ऋण बाजूची तांब्याची पत्रीच विरघळू लागते. आजही लोक एकमेकांना मोबाइल पूर्ण संपवून चार्ज करायला सांगतात. तो सल्ला निकेलच्या काळातला आहे.

माझ्या मनातून एक रात्र जात नाही. लोडशेडिंगचे दिवस होते. अंगणात स्टुलावर मामा, समोर मातीची कुंडी, कुंडीत बॅटरी, आणि शेजारच्यांच्या जीपमधून काढून आणलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा चार्जर. चार्जरच्या हिरवट पडद्यावर तीन सेलचे तीन आकडे वेगवेगळे दिसत होते. तीनही सेल एकाच उंचीवर यायला हवेत, एक पुढे पळाला तर बाकीच्यांच्या वाट्याचंही त्याच्यात कोंबलं जातं, म्हणून चार्जर मधल्या बारीक तारांमधून सगळ्यांना सारखं करत आणतो. मामीने दोनदा जेवायला हाक मारली. मी म्हटलं, "मामा, लावून ठेव की, आपोआप बंद होतं ते." तो म्हणाला, "भरताना एकटं सोडायचं न्हाई." आणि बसून राहिला.

फुगण्याची हकीकत अशी. आत धन बाजूला कोबाल्ट ऑक्साइड, ऋण बाजूला ग्रॅफाइट, मध्ये सच्छिद्र पडदा आणि लिथियमचा क्षार विरघळवलेला सेंद्रिय कार्बोनेटचा द्रव. पहिल्यांदा चार्ज करताना हा द्रव ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर थोडा मोडतो आणि तिथे एक पातळ साय धरते. सेल पुढे वर्षानुवर्षं चालतो तो या सायीच्या आडोशाने. ती धरताना वायू सुटतो. म्हणून कारखान्यात पिशवीला एक जास्तीचा कप्पा ठेवतात, पहिल्या चार्जचा वायू त्यात गोळा करतात, तो कप्पा कापून टाकतात आणि पिशवी पुन्हा सील करतात. म्हणजे आपल्या हाती येणारी प्रत्येक लिपो जन्मताच एकदा फुगून आलेली असते. मला हे कळलं तेव्हा तिच्याविषयी एक वेगळीच माया वाटली.

नंतर जो वायू होतो त्याला मात्र कप्पा नसतो. सेल ४.२ व्होल्टच्या वर रेटला, अतिशय वेगाने पिळून घेतला, खूप खाली नेला, उन्हात तापू दिला, की साय तडकते, पुन्हा धरते आणि दर वेळी द्रव खर्ची पडतो. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, एथिलीन, मिथेन, हायड्रोजन, सगळं त्या बंद पिशवीत साठत जातं. पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, आतला रोध वाढतो, रोध वाढला की पुढच्या उड्डाणात ती जास्त तापते, आणि तापली की आणखी वायू. उडून आल्यावर गरम बॅटरी कधी किंचित मऊ लागते आणि निवल्यावर पूर्ववत होते, त्याला घाबरायचं कारण नाही. निवल्यावरही फुगलेलीच राहिली तर तिचं उडणं संपलं.

लिपोच्या नावातलं 'पॉलिमर' कुठून आलं म्हटलं की मला शेफिल्डच्या पीटर राइट या रसायनशास्त्रज्ञाची आठवण काढावीशी वाटते. पॉलिएथिलीन ऑक्साइड नावाच्या साध्या प्लॅस्टिकमध्ये क्षार मिसळला तर त्यातून आयन वाहतात, हे त्याने १९७३ साली दाखवलं. १९७८ मध्ये मिशेल आर्मांने त्यावरून द्रवच नसलेल्या, घन बॅटरीची कल्पना मांडली. गळायला काही नाही, पेटायला द्रव नाही. पण ते प्लॅस्टिक नीट काम करतं ६० अंशांच्या पुढे, आणि छंदाचं विमान तर थंड सकाळीही उडायला हवं. तिकडे ऑक्सफर्डमध्ये १९८० साली गुडइनफ यांच्या गटाने धन बाजूसाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरून दाखवलं, १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली, आणि बाजाराने मधला मार्ग धरला: द्रव तोच, जेलमध्ये भिजवलेला किंवा नुसताच, आणि पत्र्याच्या डब्याऐवजी ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असलेली पिशवी. गुडइनफ यांना २०१९ साली नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. मामाने पेपरातलं ते कात्रण वहीत चिकटवलं होतं. वही ट्रंकेतच होती.

डबा गेला हे एका परीने बरंच झालं. गोल पोलादी सेलमध्येही वायू होतो, पण बाहेरून काही दिसत नाही. पिशवीला मात्र लपवता येत नाही.

अंगणात ऊन उतरल्यावर मी मामाचा सेलचे व्होल्ट तपासायचा छोटा मीटर बॅटरीच्या पांढऱ्या प्लगला लावला. ४.११, ४.१०, ३.६२. तिसरा सेल बिघडला होता हे फुगवट्यावरूनच कळत होतं. मी बघत राहिले ते पहिल्या दोन आकड्यांकडे.

मामा बॅटऱ्या कधीच भरून ठेवत नसे. लिपो सांभाळण्यातलं हेच सर्वात महत्त्वाचं, आणि हेच सर्वात कमी पाळलं जातं. ठेवायची तर सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास, जेमतेम अर्धी, सावलीत. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये धन बाजू सतत त्या द्रवाला खात असते, कपाटात नुसती पडून असली तरी, आणि उन्हाळ्यात तर झपाट्याने. म्हणून भरायची ती उडवायच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर मामा घरी येऊन ती पुन्हा अर्ध्यावर उतरवायचा. ट्रंकेतल्या बाकी सगळ्या मी तपासल्या. ३.८२, ३.८१, ३.८३. एकही चुकार नव्हती.

ही एक तेवढी भरलेली. म्हणजे शनिवारची रात्र होती. म्हणजे रविवारी माळावर जायचं ठरलं होतं. मामीला विचारलं. ती म्हणाली, "त्या रात्री बसलेच होते की अंगणात. मी म्हटलं दुखतंय तर झोपा. म्हणाले, होऊ दे एवढं." पहाटे त्याला दवाखान्यात नेलं. नंतर कुणीतरी सामान आवरताना ती उचलून ट्रंकेत ठेवली. मामीला वाटत होतं, दुखणं तो अंगावर काढत होता. मला वाटतं, ती भरेपर्यंत त्याला उठायचं नव्हतं. दोन्ही खरं असेल.

संध्याकाळी मिरजेतला एक दुकानदार फोनवर म्हणाला, सुईने टोचा, हवा काढा, चिकटपट्टी लावा, अजून वर्षभर चालेल. हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की मला संताप येतो. आतला वायू पेटणारा असतो आणि सुई पापुद्र्यांमधून गेली की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. शिवाय बाहेरची दमट हवा आत गेली की तिथल्या क्षारातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. आणि दुसरा सल्ला, मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा. मिठाचं पाणी आधी टोकांचे धातू खातं, संपर्क तुटतो, आणि बॅटरी भरलेलीच राहते. वरून मात्र मेलेली दिसते. मी गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब जोडला, घमेलं भिंतीपासून लांब ठेवलं आणि स्टूल घेऊन बसले. बल्ब हळूहळू लालसर होत विझला. मग तारांच्या टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावली.

पुण्याला परतताना ती बॅटरी वाळूसकट एका डब्यात घालून सोबत आणली. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींना विचारलं, हे कुठे द्यायचं. त्यांनी डबा उघडूही दिला नाही. "असल्या आम्ही वेगळ्या ठेवतो ताई. गाडीत दाबल्या की धूर होतो. आमची एक बाई भाजली." कुठल्या बॅटरीने, तर मोबाइलच्या. कुणीतरी फुगलेली काढून भाजीच्या देठांबरोबर ओल्या कचऱ्यात टाकली होती. बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांची, असं २०२२ सालचे नियम सांगतात. पण सोसायटीच्या दारापासून त्या उत्पादकापर्यंतचं पहिलं पाऊल या बायकांच्या उघड्या हातांनी पडतं.

म्हणून एका रविवारी मी जिन्याने वर गेले आणि एकेक दार वाजवलं. दुसऱ्या मजल्यावर फुगून पडदा उचललेला फोन निघाला. तिसऱ्यावर मुलाचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर, ट्रिमर, आणि एक पॉवर बँक, जिचं कवच मधोमध उकललं होतं आणि जी गॅसच्या लायटरशेजारी ड्रॉवरमध्ये होती. काकू म्हणाल्या, "प्रवासाला लागते म्हणून नेहमी भरून ठेवते." मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले आणि अर्ध्यावर ठेवण्याचं कारण पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी चहा ठेवला आणि ऐकलं. चौथा मजला पुढच्या रविवारी.