डुक्कर, फियाट आणि पद्मिनी : एका मोटारीच्या पिढ्या

कुर्ल्याच्या कारखान्यातून अर्धशतकाच्या आसपास एकाच घराण्याची मोटार बाहेर पडत राहिली. कंपनीने तिला वेळोवेळी नावे दिली : एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी. लोकांनी मात्र तिच्या दोनच पिढ्या मानल्या. एक 'डुक्कर फियाट' आणि दुसरी नुसती 'फियाट'. या दोन वंशावळींपैकी इतिहासाच्या अभ्यासकाने कोणती ग्राह्य धरावी? उत्तर लोकांच्या बाजूने जाते.

आधी कारखान्याविषयी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सुरुवातीचा करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी होता. इटलीच्या फियाटची ११०० ही मोटार कुर्ल्यात आली ती १९५४ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी वालचंदांचे निधन झाले होते.

१९५३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. त्या वर्षी टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवले : ज्यांच्याकडे देशातच सुटे भाग घडवण्याची योजना नाही, त्यांनी केवळ जुळणीचा उद्योग बंद करावा. शिवडीत १९२८ पासून मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. उरलेल्या मोजक्या कारखान्यांना संरक्षित बाजारपेठ मिळाली. पुढची सारी कथा या निर्णयाच्या सावलीत घडली.

पहिली पिढी गोलसर बांध्याची. फुगीर पाठ, उतरते बुटके नाक, आणि पुढची दारे उलटी उघडणारी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. 'डुक्कर' हे नाव या आकारावरून पडले. त्यात तुच्छता कमी आणि लडिवाळपणाच अधिक होता. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली.

१९६४ च्या सुमारास ११०० डी कुर्ल्यात बनू लागली आणि रूप पालटले. मागची बाजू चौकोनी झाली, पाठीमागच्या कडांना छोटे पंख फुटले, पुढची दारे सुलटी झाली. रस्त्यावरच्या माणसाला दुरूनही दिसेल असा हा बदल होता आणि म्हणूनच त्याने नाव बदलले. मात्र बॉनेट उघडल्यावर दिसणारे इंजिन १०८९ सीसीचेच होते. इटलीतल्या ११०० डीला १२२१ सीसीचे इंजिन मिळाले होते. कुर्ल्याच्या गाडीने चेहरा नवा घेतला आणि हृदय जुने ठेवले.

यानंतर दोन देशांतील वाटा फुटतात. १९६६ मध्ये इटलीत ११०० आर आली. तिला पुढच्या चाकांवर डिस्क ब्रेक होते आणि गिअरचा दांडा खाली जमिनीवर आला होता. १९६९ मध्ये फियाट १२८ आली आणि ११०० चा तेथील वंश संपला. कुर्ल्यात मात्र तीच गाडी तशीच चालू राहिली, ड्रम ब्रेकसह, स्टिअरिंगखालच्या गिअरसह. सत्तरीच्या प्रारंभी फियाटशी असलेला करार संपला, म्हणून ती आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. कागदावर ही नवी मोटार होती. टॅक्सीवाल्यांपासून डॉक्टरांपर्यंत कोणीही ती नवी मानली नाही; सगळे तिला 'फियाट'च म्हणत राहिले. इटलीच्या कंपनीचे नाव कुर्ल्याच्या कारखान्याने काढून टाकले, पण ते लोकांच्या जिभेवरून काढता आले नाही.

आज पद्मिनीच्या टिकाऊपणाविषयी फार हळवे लिहिले जाते. तो टिकाऊपणा खरा होता, पण त्यामागे लाचारीही होती. आयातीचे दरवाजे बंद, उत्पादन परवान्याने बांधलेले, आणि १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींची विक्री व वाटपही सरकारी नियमांच्या चौकटीत आणलेले. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या ग्राहकासमोर निवड अशी नव्हतीच. गाडी सुधारली नाही तरी विकली जाणारच, मग साचे बदलण्याचा खर्च कोण करणार?

मात्र याच गोठलेपणातून एक लाभही झाला आणि तो शहराने पुरेपूर वसूल केला. मोटार बदलत नव्हती, त्यामुळे तिचे ज्ञान साचत गेले. एका गाडीचे अनेक भाग तिच्याहून कितीतरी वर्षे धाकट्या गाडीला बसत. कुर्ल्याच्या गॅरेजमधल्या पोऱ्याने उस्तादाकडून शिकलेली विद्या त्याच्या स्वतःच्या उतारवयापर्यंत कामाला येई. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी एवढी वर्षे त्याच विद्येवर धावली.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तीनच वर्षांत, १९८६ मध्ये, तिचे दुसरे रूप रस्त्यावर आले. ज्या ग्राहकाने दोन दशके एकच फियाट पाहिली होती, त्याला मोटारीची 'पिढी' इतक्या लवकर बदलू शकते हे प्रथमच कळले. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली खरी. पण तिचा सांगाडा साठीच्या दशकातल्या फियाट १२४ चा होता, इंजिन निस्सानचे. पद्मिनीत पुढे डिझेल इंजिन आले, काही आवृत्त्यांत गिअर अखेर जमिनीवर उतरला. इटलीत जे १९६६ मध्ये झाले होते, त्याला इथे एवढा काळ लागला.

शतक सरता सरता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीच्या वयोमर्यादेची २० वर्षे भरली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. नोंदणीच्या कागदावर 'प्रीमियर पद्मिनी' असे होते. जुने टॅक्सीवाले तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत होते.