गॅसवर झटके, पेट्रोलवर गप्प

दसऱ्याला गाडी धुण्याचा उत्साह कोरेगाव भीमातही कमी नसतो. बोनेट उघडून प्रेशर पंपाची धार थेट इंजिनावर सोडली जाते, हार चढतो, नारळ फुटतो आणि नगर रस्त्याला लागताच गाडी मिसिंग मारू लागते. पंपवाल्याने पेट्रोलमध्ये भेसळ केली, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. अशा वेळी आधी संशय घ्यावा तो प्लगच्या वायरवर. जुन्या वायरची रबरी टोपी सैल झालेली असते. तिच्यात पाणी शिरलं की प्लगच्या टोकाला ठिणगी पडण्याऐवजी करंट बाहेरच इंजिनाच्या बॉडीवर उडी मारतो.

हा करंट साधा नव्हे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल कित्येक हजार, प्रसंगी २० हजारांहून जास्त व्होल्ट करते. ते कोंडून ठेवायचं काम वायरवरच्या आवरणाचं. आत तांबं असेल असं वाटतं, पण बहुतेक वायरमध्ये कार्बन मिसळलेला धागा असतो. त्याचा रोध मुद्दाम जास्त ठेवतात, नाहीतर रेडिओत खरखर सुरू होते. हा धागा आतल्या आत तुटला तरी बाहेरून वायर नवीकोरी दिसते.

पद्मिनीला कॉइलची एक आणि प्लगच्या चार, मारुती ८०० ला प्लगच्या तीनच. रांजणगावला बनलेल्या पुंटोच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनावरही या वायर होत्या. आजच्या बहुतेक नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, तिथे हा प्रश्नच मिटला.

ज्यांच्या गाडीला वायर आहेत आणि सीएनजीही आहे, त्यांनी मात्र जपावं. गॅस आणि हवेच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत वायर पेट्रोलवर कशीबशी निभावते, गॅसवर उघडी पडते. त्यात वाघोली ते शिकरापूरची वाहतूक कोंडी. इंजिन तापतं आणि तापलेलं आवरण कडक होऊन तडकतं. मग सणसवाडी, रांजणगावला कामगार नेणारी व्हॅन गॅसवर चढाला झटके मारते आणि पेट्रोलवर टाकली की गप्प होते. ड्रायव्हर किटवाल्याकडे जातो, ट्यूनिंगचे पैसे देतो, झटके तसेच. माझ्या मते किटला हात लावण्याआधी प्लग आणि वायर तपासायलाच हव्यात.

बदलायच्या कधी? कंपनीच्या पुस्तिकेत दिलं असेल ते पाळावं. एरवी लाखभर किलोमीटर हा ढोबळ हिशोब, आणि तोही पेट्रोलचा. गॅसवर धावणाऱ्या गाडीची तपासणी त्याच्या बरीच आधी करावी. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर फुटलेल्या जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. त्या वेळी हात लांब ठेवावा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने तर जवळही थांबू नये. इंजिन बंद करून, वायर सोडवून मल्टीमीटर लावला की बाकीचं कळतं. लांब वायरचा रोध थोडा जास्त येणारच. पण एखादीचा आकडा तिच्या लांबीच्या मानाने फारच चढला किंवा मीटर काहीच दाखवेना, तर पूर्ण सेटच बदलावा.

बदलताना एक काढायची, तिच्याच मापाची लावायची, मग दुसरी. सगळ्या एकदम उपसल्या की मारुती ८०० चा १-३-२ हा क्रम हमखास चुकतो आणि गाडी नीट सुरूच होत नाही. ओढायचं ते टोपी धरून, किंचित पिळून. वायरला हिसका दिला की आतला धागा तुटतो. जुने प्लगही बघावेत. त्यांची गॅप वाढलेली असेल तर कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि त्याचा ताण नव्या वायरवर येतो.

चालतंय तोवर चालवू म्हणणारे आणखी मोठा खर्च ओढवून घेतात. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. त्याच्या किमतीत वायरचे कितीतरी सेट येतील.

उसाच्या फडाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. तिथे वायर किती किलोमीटर टिकायची, हे उंदीर ठरवतात.