दहा बाय आठ

चौकात कागद-पेन घेऊन बसलेला माणूस आमच्या अमरावतीत एकतर महापालिकेचा असतो, नाहीतर सर्व्हेवाला. जवाहर गेटच्या आडोशाला मी फोल्डिंगचं स्टूल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अतिक्रमण काढायले आले काय भाऊ?" नाही म्हटलं की विचारणारा निवांत होतो आणि डोक्यावर येऊन उभा राहतो. त्याच्यामागे दुसरा. हाच मी मोबाइल रोखला असता तर "फोटो कायले काढून राह्यला बे?" म्हणून तंटा झाला असता. चित्राला कोणाची हरकत नसते. उलट "मायी गाडी घेतली का त्यात?" अशी चौकशी होते, आणि गाडी आली नसेल तर ती घ्यावीच लागते. मग चित्राचा तोल जाईना का.

लोकांनी टक लावून बघण्याची मला लहानपणापासूनच सवय आहे. चालणं जरा लचकतं, बोलताना हात हवेत फिरतात, मुलगा असून ठिपक्यांची रांगोळी चांगली येते. गल्लीत या सगळ्याची चोख नोंद ठेवणारे पुष्कळ होते. समलिंगी हा शब्द मला फार उशिरा भेटला. त्याआधी जे शब्द भेटले ते मासिकात छापण्यासारखे नाहीत. आता स्टुलावर बसलो की बघण्याचं काम माझ्याकडे येतं. समोरच्या पानवाल्याच्या मानेचा बाक, हमालाच्या पोटऱ्या, सायकल दुरुस्त करणाऱ्याची ग्रीसने काळी झालेली बोटं, सगळं तासभर न्याहाळतो आणि कोणाला काही वावगं वाटत नाही. पुरुषाने पुरुषाकडे इतका वेळ बघावं अशी सोय न्हावी आणि टेलर सोडले तर दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे?

चित्रकार भूपेन खख्खरने 1972 च्या सुमारास नेमकी अशीच दुकानं रंगवली. न्हाव्याचं दुकान, 'डीलक्स टेलर्स', 'जनता वॉच रिपेअरिंग'. मुंबईच्या खेतवाडीतला हा मुलगा शिकून चार्टर्ड अकाउंटंट झाला, 1962 मध्ये बडोद्याला गेला आणि चित्रकार म्हणून नाव झाल्यावरही बरीच वर्षं हिशेबाच्या नोकरीवर जगला. 1981 मध्ये त्याने 'यू कान्ट प्लीज ऑल' केलं. बाल्कनीत एक नागडा माणूस उभा आहे, आणि खाली गावात बाप, लेक आणि गाढवाची ती आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट चालू आहे. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचं समलिंगी नायिकेचं नाटक 'मित्राची गोष्ट' मराठी रंगभूमीवर आलं. दोन्ही गोष्टी माझ्यापर्यंत पोचायला पंचवीसेक वर्षं लागली, पण खख्खरचं हिशेबनीस असणं मला चित्रांइतकंच जवळचं वाटतं. कारण माझंही पोट चित्रावर भरत नाही. ते फ्लेक्सवर भरतं.

फ्लेक्सला नाक मुरडणारे खूप आहेत. शहर विद्रूप होतं हे त्यांचं म्हणणं मला मान्यही आहे. पण कधी एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स नीट वाचा. मधे भाऊ, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, मागे वाघ नाहीतर सिंह. वर 'काळजाचा तुकडा', 'जिवाभावाचा जिगर', 'तुझ्याविना अधुरा'. खाली शुभेच्छुकांची पट्टी, त्यात चाळीस मुंडकी, सगळी पुरुषांची. ज्या गावात मला एका मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवताना आधी चारी बाजूंना बघावं लागलं, त्याच गावात पोट्टे एकमेकांवरचं प्रेम दहा बाय आठ फुटांत छापून राजकमल चौकात टांगतात आणि हलगी वाजवतात. मी फक्त त्यांच्या मानेभोवतीची कड फोटोशॉपमध्ये साफ करून देतो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून आमच्यावरचा गुन्हा काढून टाकला तेव्हाही मी हेच करत होतो. पोळा तोंडावर, गणपती आठवड्यावर, मंडळांची ऑर्डरवर ऑर्डर. बातमी मोबाइलवर वाचली, पाणी प्यायलो आणि पुढच्या मंडळाच्या अध्यक्षाला गोरं करायला घेतलं.

पुरुषांची हीच उघड जवळीक अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी रस्त्यावर दिसते. गांधीग्रामला पूर्णा नदीतून पाणी भरायचं आणि कावडीने रात्रभर चालत राजराजेश्वराला आणायचं. मोठ्या मंडळांची कावड शेकडो भरण्यांची, म्हणजे पाण्याच्या घागरींची असते, तिला खांदे द्यायला पोट्ट्यांच्या रांगाच्या रांगा लागतात. घामाने भिजलेले, एकाचा गाल दुसऱ्याच्या मानेला टेकलेला, अनवाणी पायांचा एकच ठेका. मी फुटपाथवर उभ्यानेच काढतो, चेहरे न काढता नुसते खांदे. ब्रशपेनने एक रेघ एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते आणि कुठे एक माणूस संपला ते मलाही नंतर सांगता येत नाही.   

हे सगळं गोड मानून घ्यायला मी तयार नाही. वऱ्हाडात सगळ्यांना सगळं दिसतं आणि जोवर कोणी नाव घेत नाही तोवर सगळं चालतं. कावडीत चालतं, फ्लेक्सवर चालतं. नाव घेतलं की घरातलं ताट वेगळं होतं. म्हणून नागपूरला आमच्यासारख्यांसाठी काम करणारा सारथी ट्रस्ट आहे, तिथे प्राइड मार्च निघतो, आणि आमच्याकडची पोरं तोंडाला रुमाल बांधून त्यासाठी रेल्वेत बसतात. दर वेळी नागपूर कशाला, या विचारातून आमची रविवारची कार्यशाळा सुरू झाली. एका ओळखीच्या बाईंची शिकवणीची खोली, सतरंजी, कार्ट्रिज पेपर, 6बी पेन्सिली. पोस्टरवर फक्त 'स्केचिंग वर्ग' लिहिलेलं. बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे हात अगदीच कच्चे नसतात. पण त्या परीक्षांनी एक भीतीही घातलेली असते की बरोबर आणि चूक अशी दोनच चित्रं असतात. ती भीती काढायला वेळ लागतो.

आमचा मुख्य स्वाध्याय मी रिद्धपूरहून उचलला आहे. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव महानुभावांची काशी. तेराव्या शतकात गोविंदप्रभू इथल्या गल्ल्यांतून दिवसभर हिंडायचे, कोणाच्याही घरात शिरायचे, दगडांशी बोलायचे. लोक वेडा म्हणायचे आणि तेच लोक त्यांना माय आणि बाप दोन्ही म्हणायचे. म्हाइंभटाने माणसं गाठून गाठून या आठवणी लिहून घेतल्या. पण मला खरा हेवा वाटतो तो 'स्थानपोथी'चा. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर कुठे बसले, कुठे राहिले, त्या देवळाचं दार कोणत्या दिशेला, कोपऱ्यात काय होतं, हे सगळं त्यात गावोगाव नोंदवलंय. कोणीतरी इथे बसलं होतं, म्हणून ही जागा लिहून ठेवायची. बस, इतकाच त्या पोथीचा आग्रह. तेव्हा मी मुलांना सांगतो, आपापली स्थानपोथी काढा. जिथे तुमचं काही घडलं ती जागा. माणसं नाही काढली तरी चालेल, दाराची दिशा चुकवू नका.

मग वडाळी तलावाची भिंत येते, बडनेऱ्याचा जिना येतो, परकोटाची माताखिडकी येते. एका पोराने मूर्तिजापूरचा फलाट काढला. मागे शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ, पुढे एक सिमेंटचा बाक, बाकावर चहाचे दोन कागदी कप, एकाची कड दातांनी कुरतडलेली. ती कड त्याने इतकी जपून काढली होती की कप कोणाचा, हे विचारायची गरज पडली नाही.

आणि एक तृतीयपंथी ताई येते. तिने आयुष्यात परीक्षा दिली नाही, पण स्मरणचित्रात तिच्यापुढे आम्ही कोणी टिकत नाही. सराफ्यापासून जवाहर गेटपर्यंतचं प्रत्येक शटर तिला क्रमाने पाठ आहे, कारण आठवड्याला ती त्याच रांगेने मागत जाते. कोण दहाची नोट देतो, कोण आत पळतो, कोणाच्या गल्ल्यावर कोणता देव. लांबच लांब कागद जोडून तिने अख्खी लाइन काढली. दुकानदार जेवढा दानी, तेवढं त्याचं दुकान मोठं. शहराचा असा नकाशा महापालिकेकडे नसेल.

गेल्या महिन्यात ती मला म्हणाली, "माया वाढदिवसाचा फ्लेक्स कर. त्याईचे होतात, मायाच काहून नाही?" राजकमल चौक, दहा बाय आठ, मागे वाघ पाहिजेच. डिझाइन तासाभरात झालं. अडलं ते शुभेच्छुकांच्या पट्टीपाशी. मी वर्गात विचारलं, कोणाकोणाचे फोटो टाकू? खोली गप्प झाली. एक म्हणाली, नुसतं आडनावाचं अक्षर टाका. एकाने वडिलांचं दुकान त्याच चौकात आहे याची आठवण दिली. मूर्तिजापूरवाला बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसला आणि मग म्हणाला, माझा फोटो नको, तो कप टाका. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि वैतागून म्हणाली, "एवढी मोठी पट्टी, रिकामी ठेवतं का? कप टाक, अक्षरं टाक, तुयं मुंडकं पयले टाक. अन् तरी जागा उरली तर मायंच दोनदा टाक."

माझा फोटो मी टाकला आहे, गॉगलशिवाय. तिने तो बघून गोरा करायला सांगितलं.