अर्थ सुटला, अर्थ गावला

बेळगावच्या कुठल्याही गॅरेजात तासभर उभे राहा, ‘अर्थ’ हा शब्द दहा वेळा कानी पडेल. ‘अर्थ सुटलाय’, ‘बॉडीला अर्थ मार’. इंग्रजीतला पृथ्वीवाचक शब्द देवनागरीत उतरला तो थेट आपल्या संस्कृत ‘अर्थाच्या’ जागी येऊन बसला. मोटारीत बॅटरीची ऋण बाजू लोखंडी सांगाड्याला जोडलेली असते आणि दिव्यातून गेलेला प्रवाह त्या सांगाड्यावाटेच परततो. म्हणून कारागिरांच्या भाषेत सांगाडा हाच ‘अर्थ’. आपला पारिभाषिक शब्द ‘भूसंपर्कन’. चार रबरी चाकांवर उभ्या असलेल्या मोटारीला भूमीचा संपर्क कोठून असणार, हा प्रश्न दोन्ही शब्दांना सारखाच विचारता येईल.

हा विचार सुचण्याचे कारण माझी जुनी मारुती. ती आठवडाभर दारात उभी असते आणि रविवारी बाहेर पडते. गेल्या पावसाळ्यात तिची बॅटरी शनिवारपर्यंत उतरू लागली. तीन वर्षांची बॅटरी म्हणून ती भंगारात देऊन नवी आणली. दुसऱ्याच आठवड्यात एका पहाटे आईला धाप लागली आणि स्टार्टरने नुसते ‘टक’ केले. शेजाऱ्यांच्या रिक्षातून दवाखाना गाठला. आई सावरली, माझा संताप मात्र सावरला नाही. त्याच संध्याकाळी बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराला मी दूरध्वनीवर नको ते बोललो आणि नोटिशीचा मसुदा लिहून काढला. सदोष माल, मानसिक क्लेश, नुकसानभरपाई. तीस वर्षांचा हात. मसुदा उत्तम उतरला होता.

सोमवारी इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्याची मातृभाषा कन्नड. माझ्याशी मात्र तो आपल्या सीमाभागाच्या मराठीत बोलतो. त्याने आधी बॅटरी चार्ज करून घेतली आणि रात्रभर सुटी ठेवली. सकाळी मीटर १२.६ व्होल्ट दाखवीत होता, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आणि भरलेलीच राहिलेली. जोडून इंजिन सुरू केल्यावर १४.१. म्हणजे अल्टरनेटरही आपले काम करीत होता.

“बॅटरी बरी हाय, साहेब. गाडी झोपली की कोणतरी करंट खायलाय.”

त्या ‘खायलाय’वर मी थोडा थांबलो. प्रमाण मराठीत ‘खातो आहे’ म्हणावे लागेल, पण त्यात चोर समोर दिसत नाही.

त्याने इंजिन बंद केले, किल्ली काढली, दारे लावून घेतली आणि बॅटरीची ऋण वायर सोडवली. सुटलेली वायर आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडला, १० ॲम्पिअरच्या खाचेत. आता किल्लीला हात लावायचा नाही, अशी मला ताकीद दिली. स्टार्टरचा प्रवाह मीटरला झेपत नाही. आकडा आला ०.१९ ॲम्पिअर. घड्याळ आणि रेडिओची स्मृती धरून अशा जुन्या गाडीत तो ०.०२ ते ०.०३ असावा. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो. पण ०.१९ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साडेचार ॲम्पिअर-तास. माझी बॅटरी ३५ ची. पाच दिवसांत दोन-तृतीयांश रिकामी! दुकानदाराला आरोपी करण्यापूर्वी हा गुणाकार कागदावर मांडायला मला एक मिनिट लागले असते.

मग तो एकेक फ्यूज उपटू लागला. ज्या फ्यूजने आकडा पडेल त्या शाखेत चोर, असा हा हिशेब. सगळे फ्यूज निघाले, आकडा फारसा हलला नाही. मी हताश झालो. तो उलट खूश झाला. फ्यूजच्या पेटीतून न जाणारी वाट फार थोड्यांना असते. अल्टरनेटरची जाड वायर त्याने अलग केली, तरीही आकडा तसाच. राहिले ते मागाहून थेट बॅटरीवर जोडलेले काहीतरी. मला काही आठवेना. त्याने बोनेटखाली हात घातला आणि धूळ बसलेला एक काळा रिले बाहेर ओढला. हाताला कोमट लागत होता.

तेव्हा आठवले. आंबोली घाटातल्या धुक्यासाठी मीच पूर्वी पुढे दोन जादा दिवे बसवून घेतले होते. बंपर बदलला तेव्हा ते काढले; वायर, रिले आणि बटण तसेच ठेवायला मीच सांगितले होते, पुन्हा कधी लागतील म्हणून. रिलेच्या बटणाकडे जाणाऱ्या बारीक वायरचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून उडाले होते. उघडी तार सांगाड्याला टेकलेली. दिवे नाहीत म्हणून दिसत काही नव्हते, पण रिलेचे वेटोळे रात्रंदिवस जागे होते.

“वायरला नको तिथं अर्थ गावलाय, साहेब.”

रिले काढताच मीटर ०.०२ वर आला. त्याने उघड्या टोकाला टेप गुंडाळली, मजुरीचे तीनशे रुपये घेतले आणि रिले माझ्या हातावर ठेवला.

दुपारी त्या दुकानात गेलो. दुकानदार काउंटरवरून उठला नाही. जुनी बॅटरीही बहुधा ठीकच होती, ती केव्हाच भंगारवाल्याकडे गेली, एवढेच म्हणाला. मी माफी मागितली. नोटिशीचा मसुदा तोवर खिशातच होता.