देवाचा फेरफार

आमच्या डाळजला घरातला कर्ता माणूस गेला, की तेरावं व्हायच्या आत कोणीतरी विचारतंच, "सातबाऱ्याला वारस लावले का?" पोरं मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं पळतात. देवाच्या जमिनीसाठी मात्र कोणी पळत नाही.

देवस्थानचा ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडची नोंद. कायदा 1950 चा. पूर्वी तो मुंबईच्या नावानं होता, आता महाराष्ट्राच्या नावानं आहे. तिथल्या परिशिष्ट एकला विश्वस्तांची नावं आणि देवाची मिळकत लिहिलेली असते. विश्वस्त वारला किंवा बदलला तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. वकील त्याला चेंज रिपोर्ट म्हणतात. मी म्हणतो, देवाचा फेरफार.

आमच्याकडच्या एका देवळाची नक्कल काढली, तर पाच विश्वस्तांपैकी चौघं कधीच सरणावर गेलेले. पाचवे अंथरुणाला खिळलेले. नवी मंडळी यात्रा भरवत होती, वर्गणीच्या पावत्या फाडत होती. पण कागदावर ती कोणीच नव्हती. बँकेनं त्यांची सही घेतली नाही.

नक्कल काढायचं कारण वेगळंच होतं. देवाची जमीन रस्त्याकडंची. ती विकून मोठं देऊळ बांधू, असं बैठकीत निघालं, आणि माना डोलायला लागल्या. तेव्हा कळलं, कलम 36 आडवं येतं. धर्मादाय आयुक्तांच्या आगाऊ परवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही, मग सगळ्या गावानं अंगठे उठवले तरी. शेतजमीन दहा वर्षांच्या वर भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. काहींना ती सरकारची आडकाठी वाटली. मला नाही वाटली. उजनीच्या पाण्यात आमच्या भागातली काळी जमीन गेली. गेलेली जमीन परत येत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

मग पुण्याचे हेलपाटे सुरू झाले. मृत्यूचे दाखले, जुने ठराव, उशीर माफीचा अर्ज. जुनं प्रोसिडिंग बुक वाळवीनं खाल्लेलं. तारखांवर तारखा पडल्या, पण नावं लागली.

जमीन अजून देवाचीच आहे. नव्या विश्वस्तांत एक बाई आहे, बारावी शिकलेली. प्रोसिडिंग बुक तिच्या ताब्यात असतं. ठराव वाचून सह्या झाल्याशिवाय ती कोणाला सतरंजीवरून उठू देत नाही.